अगं बाई, चहात कलम बावीस!

काय सांगू तुम्हाला, मांजरसुंब्याचा चौक आता पहिल्यासारखा राहिला नाही. सोलापूर-धुळे महामार्गानं येणारे आणि जामखेड-पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईला जाणारे इथं उतरतात, चहा पितात, भजी खातात आणि पुढची गाडी येईपर्यंत कुणाच्या तरी नावानं बोटं मोडतात, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. विषयही ठरलेले. पाऊस कुठपर्यंत आला, कापसाला काय भाव, कोणत्या कारखान्याची टोळी कधी निघणार, कोणता पुढारी कोणाच्या गाडीत बसला. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला निघालेली मंडळी त्यात भर घालायची. एवढ्यावर चौक सुखी होता हो! आणि आता बघावं तर ज्याच्या त्याच्या तोंडी कलम. चौदा म्हणू नका, एकवीस म्हणू नका, तीनशे एकाहत्तर म्हणू नका. भज्यांचा घाणा उतरेपर्यंत चार कलमांचा कीस पडलेला असतो.

जाणते म्हणतात, ही लागण 2024च्या लोकसभेच्या प्रचारात झाली. संविधानाचं लाल कव्हरचं, खिशात मावणारं पुस्तक सभासभांतून फडकलं, एक म्हणाला ते बदलणार आहेत, दुसरा म्हणाला कुणाची छाती आहे, आणि तोपर्यंत ज्यांनी शाळेच्या परिपाठातली उद्देशिका डुलक्या घेत म्हटली होती त्यांनाही एकदम वाटायला लागलं की आपल्या घरातली काहीतरी वस्तू चोरीला जाणार आहे. मग काय! सत्काराला शालीबरोबर उद्देशिकेची फ्रेम. लग्नपत्रिकेवर गणपतीच्या शेजारी उद्देशिका. एका पत्रिकेवर तर मी स्वतः पाहिलं, वरती ‘आम्ही भारताचे लोक’ आणि खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. मधल्या मजकुरात मुलीचं शिक्षण बी.ए. आणि हुंड्याबद्दल अर्थातच चकार शब्द नाही.

बरं, अख्खं पुस्तक कुणी वाचलंय म्हणाल तर तेही नाही. ज्यानं त्यानं आपापल्या सोयीचं एकेक कलम दत्तक घेतलंय. आरक्षणवाले सोळा-चार आणि तीनशे चाळीस. मराठवाड्याच्या अनुशेषाचे अभ्यासक तीनशे एकाहत्तर-दोन. मराठवाड्याचं विकास मंडळ 1994 साली मिळालं आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली, हे ते दर चहाला नव्या शोकानं सांगतात. महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची जमीन गेली त्यांना तीनशे-अ तोंडपाठ. मालमत्तेचा हक्क 1950 साली मूलभूत हक्कांत होता, 1978च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं त्याला घरातून उठवून ओसरीवर बसवलं, आणि पाहुण्याला ओसरीवर बसवलं की त्याला चहा मिळतो, जेवण नाही. मोबदल्याचंही तसंच झालं, असा त्यांचा सिद्धांत. कायदेपंडित यावर नाक मुरडतील. मुरडू देत. मोबदल्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाचं भाष्य आहे ते.

परवाचाच किस्सा घ्या. एका मोटारसायकलवर तिघं, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. हवालदारानं हात केला. पुढचा पोरगा उतरला, केस नीट केले आणि म्हणाला, “साहेब, आधी कलम बावीस.”

“ते काय असतंय?”

“कारण सांगितल्याबिगर अटक करता येत नाही. वकील द्यावा लागतो. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागतं.”

“आरं, तुला अटक कोण करतंय? पावती फाडतोय.”

पोरगा क्षणभर थबकला. मग मागून स्कॉर्पिओ गेली, काळ्या काचांची, पुढच्या नंबरप्लेटच्या जागी कुणाचं तरी नाव असलेली. हवालदार तिच्याकडं बघतच नव्हता, म्हणजे किती मन लावून बघत नव्हता! पोरगा म्हणाला, “मग कलम चौदा.” चौक हसला. पावती फाटलीच, पण हवालदाराच्या कानाची पाळी लाल झालेली चहावाल्यानं पाहिली, आणि त्यानं ती अजून विकायला ठेवली आहे, दर कपामागे एकदा.

आणि घराघरांत काय चाललंय म्हणता! एका सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या. सुनेनं मोबाईलला कुलूप घातलं आणि वर सांगितलं, खाजगीपणा हा कलम एकवीसमध्ये येतो. “पदर आम्ही बी घेतला, पण फोनला कुलूप नव्हतं घातलं,” इति सासूबाई. (त्यांच्या वेळी फोन नव्हता, ही गोष्ट अलाहिदा.) त्यांना वाटलं, सून थापा मारतेय. थापा नाहीत हो. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं तसं म्हटलंय. आणि त्यातली खरी खमंग गोष्ट पुढंच आहे. आणीबाणीत 1976 साली जबलपूरच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं होतं की सरकारनं विनाचौकशी कोंडलं तरी नागरिकाला दाद मागता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. बाकीच्या चौघांत एक होते आपले यशवंतराव चंद्रचूड. आणि 2017 साली ज्यांनी तो निकाल गाडून टाकला त्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय! पुढच्याच वर्षी व्यभिचाराच्या कायद्यावरही लेकानं वडिलांचा 1985चा निकाल फिरवला. हे ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा जो उतरला! सुनेचं एक वेळ ठीक, पण आता लेकालाही हे कळलं तर?

पण हे सगळं किरकोळ. चौकाला जो खरा धक्का बसला तो आमच्या एका निवृत्त गुरुजींमुळं. हा माणूस नुसता चहा पिऊन जाईल तर शपथ. 2 सप्टेंबर 2025च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेट चर्चेत आलं, जो तो पणजोबाची कुणबी नोंद शोधायला निजामाच्या दप्तरात घुसला आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांचा भाव सोन्यासारखा चढला. गुरुजीही त्या जुन्या कागदांत रमले आणि तिथून एक भलतंच पिल्लू घेऊन बाहेर आले.

“संविधान सभेत बीडचा माणूस कोण होता, सांगा,” त्यांनी विचारलं.

चौकानं डोकं खाजवलं. कुणी बाबासाहेबांचं नाव घेतलं, कुणी काकासाहेब गाडगीळांचं, कुणी केशवराव जेध्यांचं, एकानं पंजाबराव देशमुखांचं. सगळे खरे, पण बीडचा कुणीच नाही. गुरुजी समाधानानं म्हणाले, “नव्हताच. बीडचा नाही, परभणीचा नाही, औरंगाबादचा नाही. हैदराबाद संस्थानाच्या वाट्याला 16 जागा होत्या. रिकाम्याच राहिल्या.”

अगं बाई! म्हणजे 9 डिसेंबर 1946 ला सभा भरली तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि निजाम काही केल्या सामील होईना. 17 सप्टेंबर 1948 ला पोलीस ॲक्शन संपली, आम्ही सुटलो, पण खुर्च्यांवर माणसं बसवायची राहूनच गेली. इकडं लष्करी गव्हर्नर म्हणून मेजर जनरल चौधरी कारभार बघत होते, तिकडं दिल्लीत कलमामागून कलम मंजूर होत होतं. सूचना आल्या 7635, त्यांतल्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या 2473. त्यांत मांजरसुंब्याच्या चौकाची एकही नाही. ज्या चौकात आज कुणाला पान खातानाही सूचना केल्याशिवाय राहवत नाही!

“मग आपल्याला ते लागू कसं झालं?”

“निजामानं फर्मान काढलं.”

आता इथं चहाचे कप जे थांबले ते थांबलेच. नोव्हेंबर 1949, दिल्लीत शिक्कामोर्तब व्हायच्या दोन-तीन दिवस आधी, मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानं भारताचं संविधान हे हैदराबादचं संविधान झालं. लोकशाही, स्वातंत्र्य, समता, सगळं खाली फर्मानाच्या सहीनं! बरं, सही करणारे कोण? ज्यांच्या राज्यात गश्ती निशान 53 नावाचं परिपत्रक होतं आणि त्यापायी सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी काढावी लागे. ज्यांच्या राज्यात स्टेट काँग्रेस 1938 साली नीट जन्मायच्या आतच बेकायदा ठरली. त्या गृहस्थांनी आम्हाला भाषणस्वातंत्र्य दिलं, आणि 26 जानेवारी 1950 ला तेच राजप्रमुख झाले, थेट 1956 पर्यंत! स्वामी रामानंद तीर्थांबरोबर तुरुंगवास सोसलेल्या माणसांनी त्या दिवशी झेंडावंदन करताना काय तोंड केलं असेल, मला कुणी सांगावं.

आणि गुरुजींनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. त्या फर्मानात एक अट होती. हैदराबादच्या जनतेच्या मंजुरीला अधीन राहून. म्हणजे संस्थानाची स्वतंत्र संविधान सभा निवडली जाईल आणि ती शेवटचं काय ते ठरवील.

“मग भरली का ती सभा?”

“नाही भरली.”

हाय रे देवा! म्हणजे 75 वर्षं झाली, आमचा होकार अजून यायचाच आहे? चौकात जो गदारोळ झाला त्यात पुण्याची एक गाडी सुटली आणि दोन माणसं तिच्यामागं पळाली. उरलेल्यांनी तावातावानं दोन तट पाडले. एका तटाचं म्हणणं, 1952 साली आपल्या आज्या-पणज्यांनी रांगा लावून मतदान केलं, बायाबापड्यांनी पहिल्यांदा पेटीत चिठ्ठी टाकली, बुर्गुल रामकृष्णराव लोकनियुक्त मुख्यमंत्री झाले, हाच होकार. सरकारनंही वेगळी सभा भरवायची ती याच निवडणुकीमुळं सोडून दिली. दुसरा तट म्हणे, मत मागितलं उमेदवाराला. संविधान हवंय का नको, हे कुठल्या चिठ्ठीवर होतं? मला विचाराल तर पहिला तट कायद्यानं बरोबर आणि दुसरा मानानं. आणि बीड जिल्ह्यात मान कायद्याच्या वरच्या कोर्टात बसतो, हे काय नव्यानं सांगायचं.

अमेरिकेत बघा, तिथं कसं रीतसर झालं, असं आमच्या पुण्याला शिकून आलेल्या एका पोरानं सुनावलं. रीतसर कसलं, तिथंही थोडा का तमाशा झाला! 1787च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात खिडक्या बंद करून घाम गाळत मसुदा लिहिला, बाहेर शब्द जाऊ नये म्हणून. मग 13 पैकी 9 राज्यांची मंजुरी हवी असं ठरलं. लोकांनी विचारलं, यात सरकारचे अधिकार दिसतायत, आमचे हक्क कुठंयत? जॉर्ज मेसननं याच कारणावरून सहीच केली नाही. मॅसॅच्युसेट्सनं हो म्हणताना दुरुस्त्यांची यादी हातात ठेवली. जून 1788 मध्ये न्यू हॅम्पशायरचं नववं मत पडलं. ऱ्होड आयलंड मात्र रुसून बसलं ते 29 मे 1790 पर्यंत, आणि मानलं तेही 34 विरुद्ध 32 मतांनी. हक्कांच्या दहा दुरुस्त्या 15 डिसेंबर 1791 ला पदरात पडल्या. म्हणजे त्यांनी आधी सरकार केलं आणि मग हक्क मागून घेतले. आपल्याकडं हक्क पहिल्या दिवसापासून पुस्तकातच. चौकात लगेच छाती फुगली.

फुगलेली छाती गुरुजींना बघवत नाही. ते म्हणाले, त्या मोटारसायकलवाल्या पोराला विचारा, बावीसचं पुढचं पोटकलम वाचलंय का.

वाचलेलं नव्हतं. कुणीच नव्हतं. तर ऐका, हीसुद्धा दिल्लीची आतली गोष्ट. माणसाला कोंडायचं तर ‘यथायोग्य प्रक्रिया’ पाळली की नाही हे न्यायालयानं तपासावं, असा मूळ बेत होता. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला जाऊन आले. तिथं न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितलं, तो शब्द घालू नका, न्यायाधीशांच्या हाती फार जाईल. झालं! शब्द बदलला, कायद्यानं ठरवलेली प्रक्रिया असली की पुरे. सभेत वकील मंडळींनी आरडाओरडा केला. आंबेडकरांनाही ते रुचलं नव्हतं, म्हणून सप्टेंबर 1949 मध्ये त्यांनी भरपाई म्हणून नवं कलम आणलं. तेच आपलं मोटारसायकलवरचं बावीस! पहिल्या दोन पोटकलमांत कारण, वकील, 24 तास. आणि तिसऱ्यात? प्रतिबंधक स्थानबद्धता असेल तर वरचं काहीच लागू नाही. आहे की नाही! एका हातानं वाढलं आणि दुसऱ्यानं ताट ओढलं. महावीर त्यागी यावर उसळले. मसुदा करणाऱ्यांनी तुरुंग पाहिला असता तर हे लिहिलं नसतं, असा त्यांचा टोला. त्याच्या आधी 1947 सालीच सोमनाथ लाहिरी बोलून गेले होते की हे हक्क पोलीस शिपायाच्या नजरेनं लिहिलेत.

हवालदार तेवढ्यात चहाला आलेला होता. त्यानं लाहिरी कोण म्हणून विचारलं आणि कम्युनिस्ट होते असं कळल्यावर नुसती बशी पुसली.

मग तिथून गाडी सुसाट. सभेतले हनुमंतय्या म्हणाले होते, आम्हाला वीणा-सतार हवी होती, इथं इंग्रजी बँड वाजतोय. हसरत मोहानींनी सहीच केली नाही. एच. व्ही. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी म्हणून 17 ऑक्टोबर 1949 ला मतदान घ्यायला लावलं आणि ईश्वर 41 विरुद्ध 68 मतांनी पडला! हे ऐकून कपिलधारला निघालेल्या एका आजींनी कानांवर हात ठेवले. देवाची अनामत वाचली का, एवढंच त्यांनी विचारलं. सगळा खटाटोप साधारण 64 लाख रुपयांत झाला, हे कळल्यावर एक कंत्राटदार खिन्न झाले. एवढ्यात तर आता पुलाचा एक कठडा होत नाही, म्हणाले. आणि पहिली दुरुस्ती? दीड वर्षही उलटलं नव्हतं, जून 1951 मध्ये भाषणस्वातंत्र्यावर निर्बंधांची कारणं वाढवून मोकळे. कुणाच्या सूनबाईंनी इतक्या लवकर घर बदललं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र कुणी फार चघळली नाही. ऊसतोडीच्या टोळीवर जाणाऱ्यांपैकी एक जण कोपऱ्यात बसला होता. त्यानं विचारलं, “ते तेवीसमधी काय हाय म्हन्ले?” गुरुजींनी सांगितलं, वेठबिगारीला बंदी. माणसाकडून सक्तीनं काम करून घेता येत नाही. 1976 साली त्यावर वेगळा कायदाही झाला. “अन् उचल अंगावर असली तर?” गुरुजींनी सांगितलं, तरीसुद्धा. पैसे देणं असलं तरी माणूस बांधून ठेवता येत नाही. शेजारच्या बाकावर एक मुकादम बसलेले होते. त्यांना अचानक फोन आला. फोन वाजलेला मी ऐकला नाही, पण ते “हां हां, बोला” करत डांबरी रस्त्यापर्यंत गेले आणि पैसे उधारीवर ठेवून गाडीत बसले. चौकानं विषय बदलला. मघाशी चौदाव्या कलमावर पोट धरून हसणारे सगळे भज्यांत मिरची जास्त झाली का, याची चौकशी करू लागले. अशा बाबतीत आमचा चौक फार सभ्य आहे.

शेवटी कुणीतरी तोडगा काढला. न भरलेली सभा आपणच भरवू! ग्रामसभेत ठराव घ्यायचा, भारताच्या संविधानाला मांजरसुंब्याची मंजुरी आहे. टाळ्या पडल्या. लगेच पाठभेदही सुरू झाले. आरक्षणवाले म्हणाले, आमच्या कलमासकट. जमीनवाले म्हणाले, मालमत्तेचा हक्क परत आत घेण्याच्या अटीवर. पुण्याला शिकलेला पोरगा म्हणाला, बावीसमधलं तिसरं पोटकलम वगळून. सासूबाईंचा निरोप आला, एकवीस नको. सीताफळं विकणारी बाई मघापासून टोपलीवरच्या माश्या हाकत ऐकत होती. ती म्हणाली, ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यावी लागती, ती घेता का कधी? सरळ सह्यांना वही घरी पाठवता. यावर दोघाचौघांनी एकदम सीताफळांचा भाव विचारला.

“आता चेष्टा पुरे,” गुरुजी म्हणाले. “गणपूर्ती माहितीय? 15 टक्के मतदार, नाहीतर 100 जण, जे कमी असेल ते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, चार चार वेळा दवंडी होते. मागच्या सभेला तुमच्यापैकी कोण होतं?”

कुणाचं लग्न होतं, कुणाची तारीख होती, कुणाला दवंडीच ऐकू आली नव्हती. 1949 साली आपल्याला विचारलं नाही म्हणून अजून ज्यांचे गाल लाल होते, त्या सगळ्यांना त्या दिवशी नेमकं काम होतं.

“गणपूर्ती नाही झाली तर?” पोरानं काळजीनं विचारलं.

“तहकूब. अन् तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.”

“मग काय अडचण हाय?” चहावाला म्हणाला. “तहकूबच घेऊ. पन्नास कप धरू का?”